ऑस्करच्या यादीत नाव आलं म्हणजे नामांकन झालं नाही हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर, घडीच्या वरच्या बाजूला, 'महावतार नरसिम्हा' या सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं असा ठळक मथळा होता, त्याबद्दल हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो. कापायचं झालंच तर मधलं कापा, दिल्ली सफारीचं तेवढं ठेवा. मोबाईलवर टाईप करतोय, चुका पोटात घाला (हे वाक्य मी लिहावं यात गंमत आहे, का ते पुढे कळेल).

झालं काय, की आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूर. इंदापूर तालुका, नीरा आणि भीमेचा संगम, वरती घाट चढून गेलं की देऊळ. त्यामुळे हा सिनेमा २०२५ च्या २५ जुलैला लागला तेव्हापासून आमच्याकडे घरचंच कार्य असल्यासारखं वातावरण होतं. आम्ही तिसऱ्या आठवड्यात बघितला, हिंदीत, कोथरूडला रविवारी सकाळच्या शोला, आणि तिसऱ्या आठवड्यातसुद्धा पुढच्या दोन रांगा सोडल्या तर जागा नव्हती. माझ्या शेजारी एक आजोबा होते, चपला सीटखाली काढून, वर मांडी घालून बसलेले, आणि पलीकडे दोन पोरं नाचोजचा ट्रे घेऊन. खांब फुटतो त्या वेळी पोरांचं खाणं थांबलं, आजोबांचे हात आपोआप जोडले गेले आणि मागून कोणीतरी मोठ्याने जयजयकार केला. ॲनिमेशनच्या सिनेमाला हे असलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अश्विन कुमार नावाच्या दिग्दर्शकाचं हे काम, जगभरात ३०० कोटींच्या वर धंदा केला, भारतातल्या ॲनिमेशनपटाने एवढा धंदा आजवर केलेला नाही. २०२४ च्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात गोव्यात दाखवला होता तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तर मुद्दा हा की सिनेमाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उलट आमच्या घरात त्याचं कौतुकच आहे, आणि म्हणूनच घोळ झाला.

त्या दिवशी सव्वासहाला पेपर दारात पडला. पावणेसातला मी इंदापूरला धाकट्या भावाला फोन केला. त्याने साडेसातला गुरुजींना फोन करून अभिषेक ठरवून टाकला, आठ वाजता फॅमिली ग्रुपवर तुमच्या मथळ्याचा फोटो गेला, सव्वाआठपर्यंत एकशे बारा जणांच्या ग्रुपवर हात जोडलेले ते पिवळे चेहरे एवढे आले की फोन गरम झाला. सौ.ने शिरा टाकला. आणि नऊ वाजता मुलगी उठली. ती ॲनिमेशनमध्ये काम करते, रात्री उशिरापर्यंत बसते, त्यामुळे नऊ म्हणजे तिची पहाट. तोंडात ब्रश तसाच ठेवून तिने मथळा वाचला, मग खालची बातमी वाचली, आणि म्हणाली, "बाबा, नॉमिनेशन कुठाय यात? एलिजिबल लिस्ट आहे ही."

आता मी ३१ वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मुद्रितशोधन केलंय. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, जमान्यात सुरुवात केली, डीटीपीत रिटायर झालो. आणि मी मथळा वाचून फोन केला, बातमी नंतर वाचली! लाजच वाटली. कारण बातमीच्या चौथ्या ओळीत तुम्ही स्वतःच छापलंय की हा सिनेमा पात्र ठरलेल्या ३५ सिनेमांच्या यादीत आहे. अहो, पस्तीस जणांना नामांकन कसं असेल? मथळा लिहिणाऱ्याने बातमी वाचली नाही आणि वाचणाऱ्याने पण वाचली नाही, असं दोन्हीकडून झालं.

मुलीने मग शिरा खात खात जे समजावलं ते तुमच्या वाचकांसाठी लिहितो. ऑस्करला ॲनिमेशनपटाचं एक वेगळं बक्षीस आहे. ते फार जुनं नाही, २००२ च्या समारंभात पहिल्यांदा दिलं, 'श्रेक'ला. त्यासाठी सिनेमा ४० मिनिटांपेक्षा मोठा हवा, त्यातला निदान ७५ टक्के भाग ॲनिमेशनचा हवा, आणि अमेरिकेत ठरवून दिलेल्या सहा शहरी भागांपैकी (लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो वगैरे) कुठेतरी थिएटरात सलग सात दिवस लागलेला हवा. एवढं करून निर्मात्याने कागदपत्रं नीट भरली की ऑस्कर देणारी अकादमी तपासते आणि पात्र सिनेमांची यादी लावते. ती यादी या वर्षी २१ नोव्हेंबरला लागली, ३५ नावं. या यादीत येणं म्हणजे अर्ज मंजूर झाला. चांगलंच आहे, सगळ्यांना जमत नाही, पण अजून कुणी कुणाला मत दिलेलं नाही. मतदान व्हायचंय, त्यातून पाच नावं निघतील ती २०२६ च्या २२ जानेवारीला, त्या पाचांना म्हणायचं नामांकन. आणि १५ मार्चला त्या पाचातल्या एकाला ऑस्करची बाहुली. या वर्षीपासून असाही नियम केलाय म्हणे की शेवटचं मत द्यायचं तर त्या गटातले सगळे नामांकित सिनेमे बघितलेले असले पाहिजेत. म्हणजे आत्तापर्यंत न बघता देत होते! असो.

पुण्याच्या वाचकाला हे एका वाक्यात कळेल. पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे, लॉट्स निघाले आणि आपल्या कॉलेजचा नंबर मंगळवारी संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात लागला, की आपण करंडक जिंकला असं कुणी फलक लावतं का? प्राथमिक फेरी आहे, अंतिम फेरी आहे, मग करंडक आहे, आणि २०२२ साली तर परीक्षकांनी करंडकच कुणाला दिला नव्हता, अंतिम फेरीत पोचलेली पोरं हात हलवत परत गेली होती. एकांकिकेच्या बाबतीत हा सगळा हिशोब आपल्या पेपरला तोंडपाठ असतो, प्राथमिकला 'प्राथमिक' आणि अंतिमला 'अंतिम' असं चोख छापता. ऑस्कर म्हटलं की सगळं एकच कसं होतं?

दुसरी चूक, आतल्या पानावर चौकटीत. तिथे हा सिनेमा 'भारताची अधिकृत प्रवेशिका' असं लिहिलंय. ते तर साफच चूक. देशातर्फे एकच सिनेमा जातो, तो आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात, फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते, आणि या वर्षी तो नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' आहे. ही बातमी सप्टेंबरमध्ये तुम्हीच दिली होती, माझ्याकडे कात्रण आहे. ॲनिमेशनच्या गटात देश बिश काही नसतो, निर्माता स्वतः पाठवतो.

आणि तिसरी चूक, जिच्यामुळे खरं तर हे पत्र लिहायला बसलो. 'या यादीत पोचलेला पहिला भारतीय ॲनिमेशनपट' असं तुम्ही म्हटलंय. पुण्याच्या पेपरने हे छापावं याचं वाईट वाटलं. २०१२ साली या यादीत २१ सिनेमे होते आणि त्यात भारतातले एक सोडून दोन होते. एक 'हे कृष्णा' आणि दुसरा 'दिल्ली सफारी'. आणि 'दिल्ली सफारी' कुठे बनला? पुण्यात! क्रेयॉन पिक्चर्स या पुण्याच्या स्टुडिओत. दिग्दर्शक निखिल अडवाणी मुंबईचे, आवाज मोठमोठ्या नटांचे, पण चित्रं हलवली ती इथे. भारतातला पहिला स्टिरिओस्कोपिक थ्रीडी ॲनिमेशनपट, म्हणजे तो चष्मा घालून बघायचा. आणि नुसतं यादीत नाव येऊन थांबलं नाही, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, साठावे राष्ट्रीय पुरस्कार, 'दिल्ली सफारी'लाच मिळाला. सुवर्णकमळ-रजतकमळाची यादी दरवर्षी छापता, त्यात मराठी नाव दिसलं की त्याला लाल चौकट असते, पण पुण्यात बनलेल्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे गल्लीत कुणाला विचारा, माहीत नाही. मी विचारलं. आमच्या कट्ट्यावर नऊ जण असतात रोज संध्याकाळी, नऊपैकी शून्य.

मी तो सिनेमा थिएटरात पाहिलाय. ऑक्टोबर २०१२, मुलगी तेव्हा दहावीत, सहामाही संपली म्हणून नेलं होतं. संध्याकाळचा शो होता आणि आम्हाला धरून अकरा माणसं. बोरिवलीच्या जंगलात बिल्डरचे बुलडोझर घुसतात, त्यात बिबट्याच्या पिल्लाचा बाप मारला जातो, मग ते पिल्लू, त्याची आई, एक माकड, एक अस्वल आणि माणसासारखं बोलणारा एक पोपट असे सगळे दिल्लीला पार्लमेंटपुढे गाऱ्हाणं घालायला निघतात. माकडाचा आवाज गोविंदाचा, पोपटाचा अक्षय खन्नाचा, अस्वल बोमन इराणी, आई ऊर्मिला मातोंडकर. मध्ये थोडा रेंगाळतो सिनेमा, गाणी दोन कमी चालली असती, खोटं कशाला बोलू. पण आज जुन्नर-शिरूरकडच्या बातम्या वाचताना, बिबट्या उसात, बिबट्या गोठ्यात, बिबट्या शाळेच्या वाटेवर, त्या पिल्लाची हटकून आठवण होते. तेरा वर्षांपूर्वी पुण्यात बसून पोरांनी बिबट्याचं घर गेल्याची गोष्ट चितारली होती आणि आपण ती अकरा जणांनी पाहिली.

त्या अकरातली एक घरी येताना स्कूटरवर मागे बसून काहीच बोलली नाही. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला म्हणाली, "बाबा, हे पुण्यात करतात?" इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं तिने. म्हटलं हो, करतात म्हणे. मग बारावी सायन्सला चांगले मार्क पडूनही इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला नाही, घरात तीन आठवडे अबोला झाला, तो भाग सोडतो.

आता राष्ट्रीय पुरस्काराचंच घ्या. ॲनिमेशनपटाला वेगळा राष्ट्रीय पुरस्कार २००६ च्या सिनेमांपासून सुरू झाला, पहिला 'किट्टू' या तेलुगू सिनेमाला. त्याच्या आदल्याच वर्षी 'हनुमान' येऊन गेला होता, व्ही. जी. सामंत या मराठी माणसाने केलेला, तेव्हा पोरांनी तो डोक्यावर घेतला होता. त्यानंतर मधली काही वर्षं पुरस्कार दिलाच गेला नाही. आणि आता तर त्याचं खातंच बदललंय. ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक असं सगळं एका पोत्यात घालून एव्हीजीसी नावाचा एकच पुरस्कार केलाय. झालं काय त्यामुळे? सत्तराव्या वर्षी तो मिळाला 'ब्रह्मास्त्र'ला आणि एकाहत्तराव्या वर्षी 'हनुमान'ला, म्हणजे वरचा जुना ॲनिमेशनवाला नाही, २०२४ च्या जानेवारीत लागलेला तेलुगू, खरी माणसं असलेला. दोन्हीतलं इफेक्ट्सचं काम मेहनतीचं असेल, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण खऱ्या नटाच्या मागे आग लावणं आणि पापणीपासून पायाच्या नखापर्यंत अख्खा माणूसच शून्यातून उभा करणं ही दोन कामं एका तागडीत कशी तोलायची? सुगम संगीत आणि ध्रुपद दोघांना मिळून एकच बक्षीस ठेवल्यासारखं आहे. आणि योगायोग बघा, एकाहत्तरावे पुरस्कार जाहीर झाले १ ऑगस्टला, म्हणजे 'महावतार नरसिम्हा' लागून जेमतेम आठवडा झाला होता. थिएटरबाहेर ॲनिमेशनपटाला रांगा आणि ॲनिमेशनचं नाव असलेलं बक्षीस नटांच्या सिनेमाला. यावर आपल्या पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. त्या यायला हव्या होत्या, ती खरी बातमी होती.

मुलीच्या मते यामागे एकच कारण आहे, आपल्याकडे अजून हे सगळं 'कार्टून' आहे आणि कार्टून म्हणजे पोरांना जेवताना लावून द्यायची गोष्ट. तुमच्या बातमीतसुद्धा 'बच्चेकंपनीचा लाडका' असं आहेच. जगात हा वाद केव्हाच मिटला. मियाझाकी या जपानी बुवांच्या 'स्पिरिटेड अवे'ने २००२ साली बर्लिन महोत्सवाचा गोल्डन बेअर घेतला, तोही ॲनिमेशनच्या गटात वगैरे नाही, मोठ्या स्पर्धेत, नटांच्या सिनेमांच्या बरोबरीने. त्याच्या पुढच्या वर्षी ऑस्करही घेतलं. 'ब्यूटी अँड द बीस्ट'ला तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं (हे खरं नामांकन, पाचातलं), तेव्हा ॲनिमेशनचा वेगळा गटसुद्धा नव्हता. आणि सगळ्यात गोड किस्सा १९३९ चा, 'स्नो व्हाइट'साठी वॉल्ट डिस्नेला खास ऑस्कर दिलं त्यात एक मोठी बाहुली आणि शेजारी पायऱ्यांवर ओळीने सात छोट्या बाहुल्या होत्या. हा फोटो मुलीच्या टेबलासमोर चिकटवलेला आहे.

पण मला स्वतःला सगळ्यात भावला तो लाटवियाचा 'फ्लो'. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं. एक मांजर आहे, पूर आलाय, आणि संपूर्ण सिनेमात एक शब्द नाही, मांजर मांजरासारखंच ओरडतं. समोर डिस्नी-पिक्सारचा 'इनसाइड आऊट २' होता, ज्याने जगभरात पैशाच्या राशी ओढल्या, आणि जिंकलं हे मांजर. गिंट्स झिलबालोडिस नावाच्या तरुण पोराने केलं, ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर, जे फुकट मिळतं. फुकट म्हणजे खरोखर फुकट, माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर पण आहे, तुमच्या ऑफिसात पण उतरवून घेता येईल. लाटवियाला त्याआधी ऑस्कर कधीच मिळालं नव्हतं. जानेवारीत त्याला गोल्डन ग्लोब मिळालं तेव्हा ती ट्रॉफी रीगा शहरातल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात लोकांना बघायला ठेवली आणि बघायला थंडीत रांगा लागल्या. आणि त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या वीस लाखाच्या आत आहे. आपलं पुणे शहर २०११ च्या जनगणनेतच एकतीस लाखांचं होतं! म्हणजे आपल्यापेक्षा लहान देशाने आपल्या पोरांचं एवढं केलं, आणि आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा कट्ट्यावरच्या नऊ जणांना माहीत नाही.

बरं, पुण्याचं आणि ॲनिमेशनचं नातं काय कालचं आहे का? प्रभात फिल्म कंपनीवाले कोल्हापूरहून पुण्यात आले १९३३ ला, आणि १९३४ मध्ये त्यांनी 'जंबूकाका' नावाचं छोटं कार्टून काढलं होतं. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रोडला, तिथेच. 'संत तुकाराम' सगळ्यांना ठाऊक, व्हेनिसला गाजला म्हणून शाळेत सांगतात, जंबूकाकाचं नाव कोण घेतं? किंवा दूरदर्शनवर लागायची ती 'एक अनेक और एकता', चिमण्या सगळ्या मिळून पारध्याचं जाळं घेऊन उडतात ती. माझ्या वयाच्या कुणालाही अर्ध्या रात्री उठवा, चाल म्हणून दाखवेल. १९७४ ची. त्यामागे विजया मुळे होत्या, आपल्या मराठी, सुहासिनी मुळेंच्या आई, आणि ॲनिमेशन भीमसेन यांचं (पंडितजी नव्हेत, हे वेगळे भीमसेन). तिला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार होता. मला हे परवा मुलीने सांगेपर्यंत माहीत नव्हतं, पन्नास वर्षं ऐकतोय चाल.

आता मूळ रागाचं कारण सांगतो, म्हणजे नुसता चुका काढणारा म्हातारा वाटायला नको. मुलगी लायटिंगचं काम करते. पात्रं कुणीतरी आधीच हलवलेली असतात, ही त्यात उजेड घालते. परदेशातल्या सिनेमांची कामं इथल्या स्टुडिओत येतात, त्यातली. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे एक शॉट होता, दगडी जिना आणि वरती हलणारा कंदील, चार सेकंदांचा. चार सेकंद म्हणजे ९६ फ्रेम. त्या चार सेकंदांवर ती पाच आठवडे बसली होती, शेवटच्या फाईलच्या नावापुढे ३१ आकडा होता म्हणजे एकतीसावं व्हर्जन. मी एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर ही तेच परत परत बघतीये, कंदील डावीकडे, कंदील उजवीकडे. म्हटलं काय चुकलंय यात? म्हणाली तुम्हीच शोधा, तुम्ही प्रूफवाले ना. स्टूल ओढून बसलो. दहा वेळा पाहिलं, काही दिसेना. मग तिने एकेक फ्रेम पुढे सरकवली आणि दिसलं, कंदील पुढे जातो तेव्हा तिसऱ्या पायरीवरची सावली एक फ्रेम उशिरा निघते. अनुस्वार गळावा तेवढंसं. आख्खा सिनेमा बघताना कुणाच्या बापाला कळलं नसतं, माझ्याशिवाय. पण तिने ते काढलं, रेंडरला टाकलं (म्हणजे कॉम्प्युटरवर पक्की चित्रं व्हायला लावलं) आणि मग झोपली.

त्या सिनेमाला पुढे परदेशात एक मोठं बक्षीस मिळालं. नाव नाही लिहीत, तिच्या कामाच्या ठिकाणच्या अटी असतात. घरी टीव्हीवर लावला, चौघं बसलो, तो जिना आला आणि गेला, सौ. म्हणाली "एवढाच?" मग शेवटी नावं सुरू झाली, बारीक अक्षरात, शेकड्यांनी, आणि आता तिचं येणार तेवढ्यात त्या ॲपने नावांचा चौकोन आक्रसून कोपऱ्यात टाकला आणि पुढच्या सिनेमाची जाहिरात सुरू! रिमोटवर झडप, मागे घेतलं, थांबवलं, मी भिंग आणलं. नाव होतं. आडनावातला एक एच गळलेला. ती हसली, म्हणाली चालतंय बाबा. मला रात्रभर झोप नाही. कुणाला कळवायचं, कुठल्या देशात, दुरुस्ती छापणार कोण? त्या बक्षिसात माझ्या पोरीचा वाटा चार सेकंदांचा, आणि त्यातही एक अक्षर कमी.

म्हणून म्हणतो, या लोकांच्या वाट्याला जे खरं मिळालंय ते नीट, बरोबर शब्दात छापा. न मिळालेलं नामांकन देऊ नका आणि मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार गाळू नका. 'महावतार नरसिम्हा' ३५ जणांत आला एवढं खरं सुद्धा भरपूर मोठं आहे, त्याला फुगवायची गरज नव्हती. दुरुस्ती छापाल तर पहिल्याच पानावर छापा, सातव्या पानावर निविदा सूचनांच्या खाली नको. आणि जमलं तर एखाद्या रविवारी पुरवणीत 'दिल्ली सफारी' करणाऱ्या पुण्याच्या पोरांना शोधून त्यांच्याशी बोला. तेव्हा पंचविशीतली होती ती आता चाळिशीला आली असतील, कुणी बंगळुरात असेल, कुणी व्हँकुव्हरला, कुणी हे सोडून दुसरंच काही करत असेल, पण निम्मी तरी इथेच कुठेतरी वारज्या-बाणेरात सापडतील. फोटोखाली नावं घालाल तेव्हा स्पेलिंग त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

जाता जाता, नरसिंहपूरचा अभिषेक झाला. भावाला मी खरं काय ते सांगितलं होतं, तो म्हणाला, "दादा, गुरुजींना शब्द दिलाय, आता देवाला काय सांगू, मथळा चुकला म्हणून?" ग्रुपवर मी खुलासा टाकला तो एकशे बारा जणांपैकी चौघांनी वाचला, त्यातल्या एकाने परत हात जोडले. पाच नावं २२ जानेवारीला आपल्याकडे संध्याकाळी कळतील, म्हणजे तुमच्या २३ च्या अंकाला भरपूर वेळ आहे. मथळा लावण्याआधी मुलीला फोन केलात तरी चालेल, मात्र सकाळी नऊच्या आत नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार (आणि निवृत्त मुद्रितशोधक)
कर्वेनगर, पुणे ५२